वडगावातल्या माडीवरचं नाटक

ऐंशीनंतरची काही वर्षं मी बेळगावात एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि दर रविवारी दुपारी सायकल मारत वडगावला जात होतो. निपाणीला घरी सांगितलं होतं की रविवारी टायपिंगचा क्लास असतो. कचेरीत सांगितलं होतं की वडगावात लांबची आत्या राहते. दोन्ही खोटं होतं. मी जात होतो एका विणकराच्या माडीवर.

खाली चार यंत्रमाग होते. वर एकच खोली, तिथं जायला बाहेरून लाकडी जिना. ती खोली एका टेलर मास्तरनं भाड्यानं घेतली होती. पन्नाशीला आलेला, बारीक अंगाचा, लग्न न केलेला माणूस. बायकांचे ब्लाऊज शिवण्यात त्याचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. बाजारात त्याला सगळे मास्तर म्हणत. माडीवर आम्ही त्याला आक्का म्हणत होतो. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं होतं, "हितं वर आलास की मी आक्का. खाली उतरलास की मास्तर. चुकलास तर दोघंबी मरतो."

आम्ही पाचजण होतो. आमच्यासारख्यांना काय म्हणतात ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. जे शब्द माहीत होते ते सगळे शिव्या होते. म्हणून आम्ही नात्यांवर भागवलं होतं. आक्का, थोरली, मधली, धाकटी. मी सगळ्यात शेवटी आलो म्हणून मला नाव मिळालं नव्हतं, मी नुसता 'निपाणीवाली' होतो. मी आमच्या वस्तीतला पहिला सरकारी नोकर. बेळगावात खोली बघायला गेलो की घरमालक आधी आडनाव विचारायचे आणि मग खोली भाड्यानं गेलेली असायची. आक्कानं आडनाव विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला, मी प्यायलो, त्याच तांब्यानं मग ती प्याली. त्या दिवसापासून मी एकही रविवार चुकवला नव्हता.

धाकटी म्हणजे एका बँकेतला कारकून. खानापूरकडच्या शेतकरी घरातला, पंचविशीचा, बारीक मिशी राखलेला. वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं होतं. आठवडाभर तो इस्त्रीच्या शर्टात काउंटरमागं बसायचा. रविवारी आक्का त्याला त्याच्या मापाचा अबोली ब्लाऊज घालायची, साडी नेसवायची, आणि तो भिंतीला टेकून बसून जात्यावरच्या ओव्या म्हणायचा. आईच्या ऐकून पाठ झालेल्या. बाईच्या आवाजात, अगदी हळू सुरू करून मग मोठ्यानं. खाली मागांचा खडखडाट इतका असायचा की वर काय चाललंय ते कुणाला ऐकू जाणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. त्या खडखडाटाच्या भरवशावरच आमचं सगळं चाललं होतं.

श्रावणातली एक दुपार. धाकटीची ओवी संपली होती. थोरली, म्हणजे संकेश्वरच्या बाजूला साखर कारखान्यात कामाला असलेला एक आडदांड माणूस, हसत मोठ्यानं ओरडला, "आक्का, हिला आता चांगला नवरा बघ की गं!"

आणि करंट गेला.

चारही माग एकदम थांबले. इतकी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. थोरलीचं ते वाक्य खोलीत तसंच लोंबकळत राहिलं. खाली कुणीतरी खुदकन हसलं. मग कुणाचा तरी दबका आवाज, मग काहीच नाही, आणि मग जिन्याच्या पायऱ्या वाजायला लागल्या. त्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. मी एकेक मोजत होतो. धाकटीनं पदर सोडवायला घेतला, पण पिन निघेना.

दारावर थाप पडली. कुणी उठेना म्हणून मी उठलो.

दारात घरमालक. साठीचा, बनियनवर, दंडाला सुताचे तंतू चिकटलेले. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत.

"काय चाललंय रं वर?"

"नाटक," मी म्हणालो. आधी काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "तालीम चाललीय अण्णा."

"कसलं नाटक?"

"गणपतीतलं."

"कुठल्या गल्लीचं?"

कुठलीही गल्ली सांगितली असती तरी त्यानं संध्याकाळपर्यंत चौकशी केली असती. "अजून ठरलं न्हाई," मी म्हणालो. "कोण बोलावतंय बघायचं."

तो आत आला. प्रत्येकाकडं नीट बघितलं. धाकटीपाशी थांबला. साडी, ब्लाऊज, कपाळावर कुंकू आणि ओठावर मिशी. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाईचं काम ह्योच करणार न्हवं?"

मी मान हलवली.

"मग आमचंच मंडळ हाय की. मीच अध्यक्ष हाय. अजून महिना हाय गणपतीला. बसवा." तो वळला, दारात परत थांबला. "मिशी काडाय लागंल."

तो उतरून गेल्यावर थोरलीनं चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच जिना उतरला. संकेश्वरची बस त्यानं त्या दिवशी कशी पकडली देव जाणे. पुन्हा तो वडगावला आला नाही.

धाकटी साडीतच बसून होता. "तू मला उभं करणार? गावासमोर?" त्यानं मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. मी म्हणालो, आपण खोली सोडू, आजच सोडू. आक्कानं माझ्याकडं बघितलं. "खोली सोडली तर आजच समजंल सगळ्यांस्नी. मी हितं पंधरा वर्सं ऱ्हातोय. ह्या गल्लीतल्या बायका माझ्याकडं मापं देऊन जात्यात. उद्या कोण येईल? नाटक म्हणलास न्हवं? मग आता लिव्ह नाटक."

मी कधी नाटक लिहिलं नव्हतं. दोन दिवस कोऱ्या कागदाकडं बघत बसलो. मला नीट माहीत असलेली बाई एकच होती, माझी आई. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तिनं सगळी उमर काढली. तंबाखू चाळायची. घरी आली की तिच्या लुगड्यातून भुकटी उडायची आणि आम्हा भावंडांना शिंका यायच्या. हात कितीही धुतले तरी कडूच. ती भरवायला लागली की मी तोंड फिरवायचो, म्हणून तिनं मला भरवणंच सोडलं होतं. मी तेच लिहिलं. वखारीतली एक बाई, टाकून गेलेला नवरा, शिकणारा मुलगा. नाच नाही, गाणं नाही. फक्त एक ओवी ठेवली, धाकटीसाठी.

आमच्या घरात गणपती बसत नव्हता. गणपतीच्या मांडवासाठी मी नाटक लिहितोय हे भावाला कळलं असतं तर त्यानं मला दारात उभं केलं नसतं. ती एक वेगळीच भीती होती.

तालमी सुरू झाल्या आणि आमचे रविवार संपले. घरमालक वाटेल तेव्हा वर यायचा, पाय दुमडून बसायचा. सोबत मंडळाचे दोघे-तिघे. त्यातला एकजण धाकटी साडी नेसायला लागला की भिंतीला टेकून एकटक बघायचा, आणि एकदा म्हणाला, "घरात बी नेसतोस काय रं?" सगळे हसले. धाकटीही हसला. आम्ही एकमेकांना नावानं, मास्तर म्हणून, साहेब म्हणून हाका मारत होतो. जीभ घसरेल म्हणून मधली तर बोलायचीच बंद झाली होती. मधली म्हणजे शहापूरचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेला एक अबोल माणूस. त्याला आम्ही मुलाचं काम दिलं होतं.

नाटकाच्या आठवडाभर आधी मी खाली नळावर घागर भरत होतो. घरमालकाची बायको बाजूला मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी तिला काकी म्हणायचो. त्या वर्षभरात ती माझ्याशी चार वाक्यंही बोलली नसेल. हात न थांबवता ती म्हणाली, "चाळीस वर्सं मी मागाजवळ बसतोय."

"व्हय काकी."

"मागाच्या आवाजातनं माणसाचा आवाज आमाला बरोबर ऐकू येतोय. तसं न्हाई आलं तर काम कसं करायचं? सूत तुटलं तर सांगायचं कसं एकमेकाला?"

घागर भरून वाहायला लागली. म्हणजे करंट जायच्या आधीही. सगळी वर्षं. सगळ्या ओव्या, सगळ्या हाका.

"अण्णांनाबी?" मी कसंबसं विचारलं.

"त्येंचं कान अर्धं गेलेत. मागानंच घालवलेत." तिनं कांडी बदलली. "त्यो पोरगा ओव्या चांगल्या म्हणतोय. नाटकात ठेवलाईसा न्हवं?"

मी हो म्हणालो. घागर उचलून मी वर गेलो आणि हे कुणालाच सांगितलं नाही. ती आमच्या बाजूची होती की वेळ आली तर बोलणार होती, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

मंडळाचे रात्रीचे कार्यक्रम आधीच ठरलेले होते. आम्हाला रविवारी दुपारी चारची वेळ मिळाली, शाळेच्या सभागृहात. दिवसाउजेडी म्हणून बायकांनी सभागृह भरलं. पोरं मांडीवर, म्हाताऱ्या पुढं सतरंजीवर. एका वर्गात आम्ही रंगभूषा करत होतो. धाकटीनं सकाळीच मिशी काढली होती. ओठावरची ती जागा गोरी आणि उघडी दिसत होती. आक्का त्याला निऱ्या घालून देत होती. त्यानं मला सांगितलं होतं, बायको माहेरी गेलीय, घरात कुणाला पत्ता नाही.

पडद्याच्या फटीतून मी बाहेर बघितलं. तिसऱ्या ओळीत त्याची बायको बसली होती. लग्नाच्या फोटोत मी तिला बघितलं होतं. शेजारी नऊवारीतली एक म्हातारी, धाकटीसारख्याच जिवणीची. त्याची आई. नंतर कळलं की बँकेचा शिपाई वडगावचा होता, त्यानं कौतुकानं आईला जाऊन सांगितलं होतं आणि तिनं सुनेला माहेराहून बोलावून घेतलं होतं.

मला धाकटीला सांगता आलं असतं. पाच मिनिटं होती. सांगितलं असतं तर तो उभा राहिला नसता, आणि तो उभा राहिला नसता तर घरमालक वर आला असता, आणि मग सगळंच. मी ह्या सगळ्याचा हिशेब करून बघितला आणि गप्प बसलो. पहिलं खोटं माझ्या तोंडातून निघून गेलं होतं. हे मात्र मी समजून-उमजून केलं.

नाटक सुरू झालं. तो लुगड्यात, डोक्यावर पदर, चाळण घेऊन बसला आणि पहिल्यांदा खोकला तेव्हा मागून एक-दोन पुरुष हसले. पुढच्या बायकांनी वळून बघितल्यावर ते थांबले. तो नखरा करत नव्हता. तो नुसता दमलेल्या बाईसारखा बसत होता, उठत होता, हात लुगड्याला पुसत होता. मी विंगेत कागद घेऊन उभा होतो आणि माझी आई माझ्यासमोर चालत होती. मला ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या प्रवेशात ती मुलाला जेवायला वाढते आणि म्हणते, "शीक बाबा, माझे हात बघ." त्या वाक्याला तो पुढं आला, हात वर केले, आणि त्यानं समोर बसलेल्या बायकोला बघितलं.

तो थांबला. मी वाक्य सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. परत सांगितलं. मधली ताटापुढं तशीच बसून, घास हातात. सभागृहात एक पोर रडायला लागलं आणि आईनं त्याला गप्प केलं. घरमालक पहिल्या ओळीत खुर्चीवर पुढं सरकला. मला वाटलं, आता तो पळणार, किंवा पडणार.

तेव्हा धाकटी बोलली. मी लिहिलेलं नव्हतं ते. "मला लई भ्या वाटतंय रं," ती मुलाला म्हणाली, पण बघत होती समोर. "रोज वाटतंय. सकाळी उठल्यापास्नं. पर सांगू कुणाला? जी जवळ हायती त्यास्नीच सांगता येत न्हाई."

पुढं बसलेली एक म्हातारी "व्हय गं बाई" म्हणाली, अगदी घरात बोलावं तशी. मग इकडून तिकडून पदर डोळ्यांना लागले. त्यानं हात खाली घेतले, मुलाच्या शेजारी बसला आणि ओवी सुरू केली. ठरल्यापेक्षा एक प्रवेश आधीच. मी कागद खाली ठेवला.

नाटक संपल्यावर टाळ्या बराच वेळ वाजल्या. आम्ही वर्गात येऊन बसलो होतो. दारातून आधी त्याची आई आली. हसत होती, रडतही होती. "माझ्यासारखाच दिसत हुतास की रं! माझीच ओवी म्हणलास," असं म्हणून तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आणि बाहेर जाऊन जो भेटेल त्याला सांगायला लागली की हा माझा मुलगा.

बायको दाराशीच उभी होती. मग आत आली. आक्काच्या हातात खोबरेल तेलाचा बोळा होता, तो तिनं मागून घेतला आणि नवऱ्याच्या तोंडावरचा रंग पुसायला लागली. आक्का बाजूला झाली, भिंतीकडं तोंड करून सुया गोळा करायला लागली. मी दाराकडं निघालो, पण तिचं बोलणं ऐकू आलंच.

"घरात तुमी असं कवाच बोल्ला न्हाईसा."

ती पुसत राहिली.

चार दिवसांनी मी त्याच्या बँकेत गेलो. काम काही नव्हतं. काउंटरवर एक कोरा फॉर्म पुढं केला. माझ्यामागं तिघंजण उभे होते. त्यानं फॉर्म घेतला, खाली मान घालून त्यावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"तिनं विचारलं," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"जेवढं जमलं तेवढं."

"मग?"

मागचा माणूस खाकरला. धाकटीनं शिक्का उचलला, पॅडवर दाबला, आणि मारला मात्र नाही. "ती एवढंच म्हणाली, मला टाकू नका. माहेरी धाकट्या दोघी बहिणी आहेत, त्यांची लग्नं व्हायची आहेत. मी तुमचं कुणाला सांगत नाही, तुम्ही मला टाकू नका." त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं. मिशीचे खुंट उगवले होते. "तिला माझी भीती वाटली नाही रे. तिचं काय होणार ह्याची वाटली. मी वर्षभर एकदाही तिचा विचार केला नव्हता."

"नाटकाच्या आधी मी तिला बघितलं होतं," मी म्हणालो. "तुला सांगितलं नाही."

त्यानं फॉर्म माझ्याकडं सरकवला. "पुढच्या काउंटरला जावा साहेब," तो म्हणाला आणि माझ्यामागच्या माणसाला हात केला.

तो माडीवर परत आला नाही. दिवाळीनंतर त्यानं बदली मागून घेतली.

घरमालक मात्र खूश होता. पुढची तीन वर्षं त्यानं आमच्याकडून नाटकं बसवून घेतली. आता माडीवर येणाऱ्याला कारण होतं. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायचं, तालमीला चाललोय. बोरगावचा एक शिक्षक आला, हिंडलग्याचा एक कंपाउंडर आला. कुणाकडून तरी ऐकून, नाटकात काम मिळेल का असं दबकत विचारत. आक्का त्यांना तांब्या पुढं करायची. तिसऱ्या वर्षी आम्ही अकराजण होतो. मी केलेल्या एका खोट्यावर एवढी माणसं उभी राहिली म्हणून मला बरं वाटायचं, आणि जो त्या खोट्यात पहिला उभा राहिला तो नाही म्हणून त्या माडीवर जीव लागायचा नाही. दोन्ही एकाच वेळी.

त्याच काळात मी भावाला सांगून टाकलं की लग्न करणार नाही. कारण सांगितलं नाही. तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. आई बोलत राहिली. तिनं कारण विचारलं नाही, आणि ते तिला माहीत होतं की नव्हतं हे मला आजही ठाऊक नाही.

पुढं एकदा सुट्टीत मी निपाणीला गेलो होतो. बसस्टँडमागच्या गल्लीत धाकटी समोरूनच आला. पोट थोडं सुटलेलं, मिशी दाट. त्याच्या बँकेनं त्याला आमच्याच गावात पाठवलं होतं. मला चुकवून जाता आलं असतं त्याला, पण तो थांबला, म्हणाला, घरी चल.

दोन खोल्यांचं घर, दोन लहान मुली. बायकोनं मला ओळखलं. तिनं चहा ठेवला, आमच्यापुढं कप ठेवले, आणि पदर खोचून पिठाचा डबा उचलला. "तुमी बोलत बसा. मी दळाण घेऊन येतो," असं म्हणून तिनं दोन्ही मुलींना हाताला धरलं आणि जाताना दार ओढून घेतलं.

मग तो एकेकाचं विचारायला लागला. मी सांगत गेलो. आक्काला बारीक टाके दिसेनासे झालेत, नवीन येणाऱ्यांत कोण कसं आहे, मधली आता चांगली बोलते. तो हसला. मग मी त्याला ती पाच मिनिटं परत सांगितली, पडद्याच्या फटीतली, आणि माफी मागितली. तो म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर मी पळालो असतो. आणि मग आयुष्यभर घरात गप्प बसलो असतो." पुढं म्हणाला, "तरी तू सांगायला पाहिजे होतंस." दोन्ही तो अगदी शांतपणे म्हणाला, आणि त्यातलं एकही मला खोडता आलं नाही.

तासाभरानं ती परत आली. पण दार ढकलायच्या आधी, गल्लीत लांब असतानाच, तिनं मुलींना दोनदा मोठ्यानं हाका मारल्या. मुली तिच्याजवळच होत्या. आणि आम्ही तर नुसते बोलत बसलो होतो.